एकतीस जूनचा खड्डा

३१ जून, गुरुवार. ताप १०१. नळाला पाणी पाऊण तास. मैलकुली आला, वळणावरचा खड्डा बुजवला, विटांचे तुकडे व मुरूम. चहा दिला. दूधवाल्याने पाव लिटर कमी घातले. संध्याकाळी जोराचा पाऊस. टपाल नाही.

जूनला तीसच दिवस असतात हे वहिनींना माहीत नव्हतं असं नाही. त्रेचाळीस वर्षांच्या त्रेचाळीस वह्यांत चुकलेली तारीख ही एवढी एकच, आणि तीही अंगात ताप होता म्हणून. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र हातात आलं तेव्हा चूक त्यांच्या लक्षात आली आणि घरात कुणी नसताना त्या लाजल्या. पण तारीख त्यांनी तशीच राहू दिली. लहानपणी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ज्या सिस्टरनं त्यांना रोजनिशी लिहायची सवय लावली, तिचे दोनच नियम होते. वहीत खाडाखोड करायची नाही. आणि जे झालं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. "वाटलेलं देवाला सांग," सिस्टर म्हणायची. "त्याच्याकडे वेळ असतो. वहीला पानं मोजकी."

त्या चुकीच्या तारखेपुढे ज्याचं नाव आहे, त्याची ही हकीकत.

नाव म्हणजे तरी काय, मैलकुली. रस्ते खात्यात पूर्वी तसं पदच होतं. रस्त्याचा एकेक मैल एकेका माणसाच्या अंगावर. त्या मैलात खड्डा पडला की बुजवायचा त्यानं, गटार तुंबलं की उपसायचं त्यानं, झाड आडवं झालं की सगळ्यांच्या आधी कुऱ्हाड घेऊन पोचायचं त्यानं. हा अकराव्या मैलाचा. पुढे मैल गेले, किलोमीटर आले, कडेचे दगड बदलले, पण त्याचा मैल होता तिथेच राहिला. नदीच्या पुलापासून डांबराच्या पिंपांच्या गोदामापर्यंत. मधे एक आंधळं वळण, आणि त्या वळणावर वहिनींचं घर.

बुटका, पायांत किंचित फेंगडा, उन्हानं रापून डांबराच्याच रंगाचा झालेला. वहिनींचे यजमान त्याच खात्यात हजेरीचे कारकून होते. त्यामुळे तो त्यांना वहिनी म्हणायचा, आणि त्याचं ऐकून पुढे सगळी गल्लीच म्हणू लागली. यजमान गेल्यावरही तो सकाळी फाटकाशी थांबायचा, फावडं भिंतीला टेकवायचा आणि पायरीवर बसून चहा प्यायचा. कप विसळून द्यायचा. आत कधी आला नाही.

"रस्ता गाड्यांनी मरत नाही, वहिनी, पाण्यानं मरतो," हे तो दर पावसाळ्यात एकदा तरी सांगायचा. "साहेब लोक गाड्या मोजतात. मी म्हणतो, पाणी कुठनं येतं आणि कुठं जातं ते बघा. पण पाणी मोजायला चिखलात उतरावं लागतं ना."

चौतीस वर्षांनी तो निवृत्त झाला. खात्यानं तोवर ठरवूनच टाकलं होतं की मैलकुली निवृत्त झाला की त्याचं पदही त्याच्याबरोबर घरी जाणार. हा शेवटचा होता. उपअभियंत्यांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि पितळी बिल्ला काढून घेतला. फावडं मागितलं नाही, कारण त्याचा दांडा त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेला होता. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं.

मग देखभालीचा तीन वर्षांचा ठेका निघाला आणि तो मिळाला बांधकाममंत्र्यांच्या साडूला. त्याला नावानं कुणी ओळखत नव्हतं. मंत्र्यांचा साडू म्हणता म्हणता तो सगळ्या गावाचाच साडू होऊन बसला. "साडूची गाडी गेली." "साडू आलेत काय?" नात्यातला माणूस म्हणून बोलावं तसं लोक बोलायचे, आणि नात्यातल्या माणसाकडून अपेक्षा ठेवावी तितकीच ठेवायचे.

साडूची माणसं अकराव्या मैलात दोनदा आली. एकदा फलक रोवायला आणि एकदा त्या फलकासमोर फोटो काढून घ्यायला. फलक मात्र पक्का होता. त्याच्या पायात सिमेंट भरपूर घातलं होतं.

मैलकुली घरी बसला तो जेमतेम पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी सकाळी फाटकाशी फावडं वाजलं.

"अहो भाऊ, तुम्ही? आता कुठं निघालात?"

"मैलात," तो म्हणाला, जणू हे विचारणंच वावगं. "घरी बसलो की हात खाजतात, वहिनी. सून म्हणते, बाबा टीव्ही बघा. टीव्ही लावला तर त्यात मंत्री रस्त्याचं उद्घाटन करतोय. म्हटलं, हे बघण्यापेक्षा आपला बघितलेला बरा."

"आणि याचे पैसे कोण देणार तुम्हाला?"

"चौतीस वर्षं दिले की. थोडे उरले असतील."

पडक्या भिंतींच्या विटा फोडून, कुणाच्या पायाच्या खोदकामातला मुरूम मागून आणून तो खड्डे बुजवू लागला. डांबर त्याला कोण देणार? वळणावरचा खड्डा सगळ्यांत हट्टी. त्याच्या खालून जाणारी मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारा नळ, गाळानं ठासून भरली होती. पाणी पलीकडे जाईना, मग ते वर रस्त्यात मुरायचं आणि खड्डा आतून पोकळ व्हायचा. ती मोरी उपसणं एका म्हाताऱ्याचं काम नव्हतं, सहा माणसं आणि एक पंप हवा होता. त्याच्या सांगण्यावरून वहिनींनी खात्याला तीन अर्ज लिहिले, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याचं आलं: आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी ठेकेदाराकडे पाठवला आहे. तिसऱ्यानंतर ठेकेदाराकडून एक छापील कार्ड आलं. त्यावर मंत्र्यांचा हसरा फोटो होता आणि खाली नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

"छान आलाय फोटो," मैलकुली म्हणाला. "मोरीत लावावा. लाजून तरी पाणी हलेल."

वहिनी रोज लिहीत राहिल्या. मैलकुली आला, अमुक खड्डा बुजवला. पगार नसताना आला, हे लिहिलं नाही. त्याला पाहून आपल्याला लाज वाटते, हेही लिहिलं नाही. ते वाटणं झालं.

२१ सप्टेंबरला दुपारी त्यानं वळणावरचा खड्डा पुन्हा भरला, फावड्याच्या पाठीनं ठोकून सपाट केला आणि त्यावर दोनदा नाचून दाखवलं. रात्रभर पाऊस झाला. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वहिनी चहाचं आधण ठेवत होत्या तेव्हा बाहेर आवाज झाला.

आरोग्य केंद्रातली नर्स होती. वहिनींच्या यजमानांना शेवटच्या दुखण्यात रोज घरी येऊन इंजेक्शन द्यायची ती. सकाळच्या पाळीला स्कूटरवरून निघालेली. वरून सपाट दिसणारा मुरूम खालून पाण्यानं खाऊन टाकला होता. पुढचं चाक दांडीपर्यंत आत गेलं. रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटं लागली, कारण नवव्या मैलात तिचा टायर फुटला. तोवर नर्सचं डोकं वहिनींच्या मांडीवर होतं आणि मैलकुली शेजारी उकिडवा बसून दोन्ही हातांनी खड्ड्यातलं पाणी उपसत होता. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. रुग्णवाहिका आली तेव्हा नर्स गेलेली होती.

मग व्हायचं ते झालं. गावानं रस्ता अडवला. एका विरोधी आमदारानं सभागृहात खड्ड्याचा मोठा केलेला फोटो फडकवला. बांधकाममंत्री उभे राहून म्हणाले, "दोषी कितीही मोठा असो, त्याची गय केली जाणार नाही." आणि चौकशी समिती नेमली.

हे मैलकुलीनं वहिनींच्या पायरीवर बसून रेडिओवर ऐकलं. "मोठा म्हणाले," तो म्हणाला. "म्हणजे मी नाही." पण हसला नाही. त्याच्या आदल्याच दिवशी उपअभियंत्यांनी त्याला कचेरीत बोलावून विचारलं होतं, "कुणाच्या परवानगीनं बुजवत होतास रे तू?"

वहिनींनी तो प्रश्न त्याला पुन्हा सांगायला लावला. वारा कुठून वाहतोय हे कारकुनाच्या बायकोला कळत नाही असं होत नाही. याच्या गळ्यात घालणार, हे त्यांना दिसलं. पण आपल्याकडे उपाय आहे असंही वाटलं. अडीच वर्षं रोज लिहिलेल्या वह्या! त्यात फलकाचे दोन दिवस सोडले तर साडूचा माणूस कुठेही नाही. खडीचा ट्रक नाही, डांबराचा टँकर नाही, मोरी उपसल्याची ओळ नाही. एक बाई रोज खिडकीशी बसून लिहिते आणि अडीच वर्षांत तिला ठेकेदाराचं काम दिसत नाही, यापेक्षा आणखी काय दाखवायचं?

समितीचा कारकून आला तेव्हा त्यांनी तिन्ही वह्या त्याच्या हातात दिल्या. हव्या त्या पानांत जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या खुणा घातल्या होत्या. "आठ दिवसांत परत करतो, आजी," तो म्हणाला. तेविसाव्या दिवशी परत आल्या. खुणा गळून गेल्या होत्या आणि एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. वहिनींनी तो नखानं सरळ केला आणि संध्याकाळी लिहिलं: वह्या परत आल्या. एक पान दुमडलेले.

सुनावणी विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात झाली. बाहेरचा रस्ता फाटकापासून पायरीपर्यंत त्याच आठवड्यात डांबरी केलेला होता, अजून वास येत होता. समितीत तिघे. अध्यक्ष मंत्र्यांच्या पक्षाचे. दुसरे झोपाळू. तिसरे तेच, ज्यांनी फोटो फडकवला होता. ते बिस्किट चहात बुडवत होते. मागच्या रांगेत नर्सची आई बसली होती, मुलीची पर्स मांडीवर घेऊन. मैलकुली दाराशी उभा होता. त्यानं फावडं बाहेर ठेवलं होतं आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

साडूच्या वकिलानं वहिनींना खुर्ची दिली, पाणी दिलं. "वाचा, बाई. काय सुरेख अक्षर! हल्ली कुणाचं असतं असं?"

वहिनींनी वाचलं. मैलकुली आला, पुलाजवळचे दोन खड्डे बुजवले. मैलकुली आला, वळणावरचा खड्डा बुजवला. वकील प्रत्येक वाक्यानंतर मान डोलवत होता, गाण्याला डोलवावी तशी.

"म्हणजे खड्डे बुजवले जात होते."

"हो, पण—"

"मैलकुली म्हणजे रस्त्यावर काम करणारा मजूर?"

"निवृत्त. स्वतःच्या मनानं करत होता. कुणाचा मजूर नव्हता तो."

"हे वहीत कुठं लिहिलंय?"

"हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"गाव नको, बाई. वही."

आयुष्यात पहिल्यांदाच वहिनींना सिस्टरचा राग आला.

वकिलानं मग एक लांबट वही पुढे केली. ठेकेदाराचं कामाचं रजिस्टर. "महोदय, आमच्या अशिलानं या मैलासाठी एक मजूर रोजंदारीवर ठेवला होता. हाच. कोणत्या दिवशी कोणता खड्डा बुजवला, सगळं नोंदलेलं आहे. बाईंच्या डायरीशी ताडून पाहा. एकशे बारा नोंदी, एकशे बारा जुळतात. आता एवढं नेमून दिलेलं असताना मजुरानं डांबरी मिश्रणाऐवजी माती टाकली, तर ठेकेदार काय त्याच्या मागे काठी घेऊन फिरणार?"

"मला कुणी ठेवलं?" मैलकुली दारातून म्हणाला. "मी याचं तोंडही पाहिलं नाही. साहेब, मोरी तुंबलीय. आधी मोरी बघा—"

"विचारल्याशिवाय बोलायचं नाही," अध्यक्ष म्हणाले.

वहिनींनी रजिस्टर मागितलं. चष्मा वर केला, पान जवळ धरलं. अक्षर एकाच पेनाचं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच शाईचं. बोट खाली खाली गेलं आणि थांबलं. त्यांचा आवाज वर्गात उभं राहून उत्तर देणाऱ्या मुलीसारखा स्पष्ट आला.

"अध्यक्षसाहेब, यात एकतीस जून आहे."

"मग?"

"जूनला एकतीस तारीख नसते. माझ्या वहीत ती आहे, कारण मला ताप होता. माझी चूक आहे ती. पण यांना कुठं ताप होता? यांनी हे रजिस्टर माझ्या वहीवरून उतरवून काढलंय. माझी चूकसुद्धा उतरवून घेतलीय."

झोपाळू सदस्यांनी डोळे उघडले. बिस्किट चहात गळून पडलं. मैलकुलीनं मान वर केली, आणि त्या क्षणी वहिनींना वाटलं, झालं, सुटला.

अध्यक्षांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग ते अगदी प्रेमानं हसले.

"बाई, तुमच्याकडेही एकतीस जून, यांच्याकडेही एकतीस जून. दोन वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या ठिकाणी, एकाच दिवशी एकाच कामाची नोंद केली. यापेक्षा भक्कम पुरावा कुठला हवा?"

"अहो, पण तो दिवसच नव्हता!"

"दिवस नसेल," अध्यक्ष म्हणाले. "काम तर झालंय ना?"

कुणीतरी हसलं. फोटोवाल्या आमदारांनी घड्याळ पाहिलं. कारकुनानं लिहून घेतलं: साक्षीदारांच्या नोंदी ठेकेदाराच्या नोंदींना दुजोरा देतात.

अहवाल मार्चमध्ये आला. देखभाल नियमित झाल्याचे आढळते. अपघातास संबंधित मजुराचा निष्काळजीपणा कारणीभूत. बांधकाममंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की दोषीवर गुन्हा दाखल झाला आहे, आणि बाकं वाजली. साडूला आणखी तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली. विरोधी आमदारांच्या मेव्हण्याला सातव्या ते नवव्या मैलाचं काम मिळालं. ज्या खड्ड्यांची मजुरी मैलकुलीनं कधी मागितली नव्हती, तिच्या पावत्यांवर आता त्याचा अंगठा होता. त्याला सही येत होती, पण अंगठा होता.

पोलीस चौकीत तो दोनदा जाऊन आला. जामीन मुलानं दिला. एवढ्यानंही तो मोडला नसता, असं वहिनींना वाटायचं. चौतीस वर्षं साहेबांच्या शिव्या खाल्लेला माणूस. अहवाल आल्यावर चौथ्या दिवशी तो पुन्हा फावडं घेऊन बाहेर पडला होता, आणि वळणावर त्याला नर्सची आई भेटली. वहिनी फाटकात होत्या. त्यांनी ऐकलं.

म्हातारी ओरडली नाही. तिनं फावड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "साडूचं मला माहीत आहे. तो कसला आहे ते सगळ्यांना माहीत आहे. मला तुला विचारायचंय. तू हात लावला नसतास तर तिला खड्डा दिसला असता ना? ती कडेनं गेली असती."

मैलकुलीनं फावडं काखेत घेतलं आणि तो आल्या वाटेनं परत गेला.

त्यानंतर फाटकाशी फावडं वाजलं नाही. खड्डे पडत गेले, उघडे, स्वच्छ दिसणारे. गाड्या त्यांना वळसा घालून जायला शिकल्या.

अकरा एप्रिलला दुपारी तो आला. हातात फावडं होतं, पण पाय मैलात जाणाऱ्याचे नव्हते.

"चहा ठेवते, भाऊ."

"नको, वहिनी." पण पायरीवर बसला. "हे तुमच्याकडे असू द्या. घरात दिसलं की हात जातो."

"तारीख कधीची आहे कोर्टाची?"

"सव्वीस. मुलगा येणार आहे बरोबर." मग म्हणाला, "माझा वकील विचारत होता, पाऊस सुरू व्हायच्या आत मोरी उपसली तर कोर्टात बरं दिसेल का. म्हटलं, कोर्टात नाही, रस्त्यात बरं दिसेल. हसला तो. कशाला हसला कुणास ठाऊक."

"भाऊ, मी वह्या द्यायला नको होत्या."

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. वळणावरून एक ट्रक खड्ड्यांमधून वाट काढत येत होता, चालक खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होता.

"तुम्ही खोटं थोडंच लिहिलं होतं," तो म्हणाला. "आणि मी तरी खोटा कुठं बुजवला होता."

तरी चहा झालाच. कप त्यानं विसळून दिला आणि रस्त्याच्या अगदी कडेनं, उताराकडून चालत गेला. आयुष्यभर तो मधून चालायचा, मैल बघत.

संध्याकाळी वहिनींनी वही उघडली. आधी कॅलेंडरवर तारीख तपासली, मग लिहिली. पेन बराच वेळ कागदावर टेकवून ठेवलं, इतका की तिथं शाईचा ठिपका पसरला. तो त्यांनी पुसला नाही.

११ एप्रिल. नळाला पाणी अर्धा तास. मैलकुली आला, चहा दिला. फावडे जिन्याखाली ठेवले. दांडा जरा सैल आहे.